मठार

लोहचुंबक फिरवतो बॉनेटवरून, मडगार्डवरून.
धरतं, धरतं, धरतं,
आणि डाव्या दाराखाली हात एकदम सैल.
तिथं लोखंड नाही.
तिथं कुणीतरी थाप भरून ठेवलीय.

"पत्रा किती उरलाय?" उपासनीबाई विचारतात.
चाळीस वर्षं लोकांचे मोतीबिंदू काढले,
निवृत्त झाल्यावर ही घेतली, चौसष्टची मिजेट,
दोन माणसांची, बुटकी, बिनटपाची.
एरंडवण्याहून दोरीनं ओढत आणली नाना पेठेत,
आणि सिग्नलला लोक फोटो काढत होते म्हणे.
"उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही," मी म्हणतो.
"हे वाक्य माझं आहे,"
म्हणून त्या स्टूल ओढून बसतात.

पांढऱ्याखाली लाल. लालाखाली
पिस्ता कुल्फीचा हिरवा, तोच पहिला असणार.
मग लांबी, बोटभर जाड,
भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून येते
आणि मागून गंज, चहाच्या भुकटीसारखा,
मूठ मूठ फरशीवर.

आमच्या घरात तांबं होतं.
तांबट आळीत वडील बंब ठोकायचे,
ठोक्याला ठोका लावून, ओळीला ओळ,
गिऱ्हाईक मठार बघूनच ओळखायचं, हा करड्यांचा.
तांब्याला कळंक चढतो, चिंचेनं उतरतो.
तांबं रुसतं, वडील म्हणायचे, लोखंड मरतं.
मग गॅसचे गीझर आले
आणि मी मरणाऱ्या धातूकडे गेलो,
गफूर उस्तादांच्या गॅरेजात, दिवसाला सहा रुपये.
वडील दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

ग्राइंडर लावला तसा खालून एक तुकडा निघाला,
रिबिटांनी बसवलेला.
शेंगतेलाच्या डब्याचा पत्रा,
'शुद्ध'मधला 'शु' अजून शाबूत.
आणि त्यावर मठार.
उजवीकडून डावीकडे गेलेल्या ओळी.
डावखुऱ्याच्या.

मी ग्राइंडर बंद केला.

त्र्याऐंशी साल. मी एकोणीस.
"विकायची गाडी आहे, रविवारपर्यंत दिसली पाहिजे, बास."
पैसे वीस गेजच्या पत्र्याचे घेतले,
घातला डबा. वरून लांबी, वरून लाल.
माझ्या वाट्याला तीस रुपये आले,
त्यांची टेरिकॉटची पँट शिवली,
ती पहिल्याच धुण्यात आखूड झाली.

एवढं आठवतं. हे ठोके आठवत नाहीत.
लांबीखाली जाणार, कुणाला दिसणार नाहीत,
तरी एक ओळ हुकलेली नाही.
आपण फसवतोय
हे हाताला कुणी सांगितलंच नसावं.

नवा पत्रा कापला. मागून डॉली, पुढून हातोडी,
ज्योत, ओलं फडकं, पुन्हा ज्योत,
तापला की फुगतो, फडक्याखाली चुरचुरत आकसतो.
आमच्यात ठोका दिसला तर काम बिघडलं.
वडिलांना हे कधी समजावता आलं नाही मला,
की मी दिवसभर ठोकतो
आणि संध्याकाळी ते पुसून घरी येतो.

बुधवारी लाइट नव्हती.
गुरुवारी रेड ऑक्साइडचा हात मारला.
शुक्रवारी बिल.

"डाव्या बाजूचे लिहायचे राहिले का?"
"पोचलेत."
"कधी?"
तेवढ्यात शेजारचा कंप्रेसर सुरू झाला, बरं झालं.

बाईंनी भंगारातून तो तुकडा उचलला होता,
उजेडात तिरपा धरून बघत होत्या,
बुबुळ बघावं तसा.
"कुणाचं काम? हात चांगला होता."
"होता एक पोरगा."

"डावखुरा," त्या म्हणाल्या.
मी सहीसाठी पेन उचललेलं,
ते तसंच हातात.